मनुष्याचें कलम बांधावें काय ?

(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाल्यापासून कित्येकांनीं मला वाटेंत थांबवून विचारलें, कीं मास्तर, या क्लोनिंगचा आणि आपल्या पॅरिशचा संबंध तो काय ? ज्युबिलीच्या आनंदाच्या दिवसांत जुन्या धर्मगुरूंच्या आठवणी सांगाव्या, देऊळ कसें उभें राहिलें तें सांगावें. हें प्रयोगशाळेंतलें लचांड मध्येंच कशाला? प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर पुस्तकांतून न देतां प्रथम आपल्या वसईच्या वाडींतूनच देतों.

"क्लोन" हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ डहाळी. १९०३ सालीं अमेरिकेंतील एका वनस्पतिशास्त्रज्ञानें तो शब्द, बीं न पेरतां डहाळी किंवा कंद लावून वाढविलेल्या झाडांसाठीं योजिला. म्हणजे आपण राजेळीचा मुनवा काढून दुसऱ्या खड्ड्यांत लावतों तेव्हां जें करतों, त्याचेंच हें नांव. हापूस आंब्याची गोष्टहि तीच. कोय पेरली तर कसला आंबा येईल याचा भरंवसा नसतो. म्हणून कलम बांधावें लागतें, आणि कलमाचें झाड हें मूळ झाडाचाच पुढें वाढलेला अंश असतें. हापूस हें नांव आफोन्सो या पोर्तुगीज नांवावरून आलें, आणि कलमें बांधण्याची विद्या गोव्यांत जेस्वीत धर्मगुरूंनीं वाढीस लाविली, असें इतिहासकार सांगतात. तेव्हां क्लोन हा शब्द ऐकतांच क्रुसाची खूण करण्याचें कांहींएक कारण नाहीं. आपले वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या तेंच करीत आले आणि त्यांत पाप आहे असें कोणा धर्मगुरूनें त्यांना कधीं सांगितलें नाहीं.

परंतु झाडाचें कलम बांधतां येतें; जनावराचें बांधावें काय, आणि मनुष्याचें ? खरा विषय येथून सुरू होतो.

जनावराचें कलम झालें ही वार्ता जगाला १९९७ च्या फेब्रुवारींत समजली. स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळ रॉस्लिन येथील संस्थेंत इअन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी यांनीं डॉली नांवाचें कोंकरूं जन्मास आणिलें होतें. जन्मतारीख ५ जुलै १९९६. रीत अशी, कीं एका मेंढीचें अंड घेऊन त्यांतील केंद्रक काढून टाकावयाचें, दुसऱ्या मेंढीच्या कांसेंतील एक पेशी त्यांत विजेच्या झटक्यानें एकजीव करावयाची, आणि तो गर्भ तिसऱ्या मेंढीच्या उदरांत ठेवावयाचा. एडक्याचा संबंध कोठेंच नाहीं. आणि जिच्या कांसेंतील पेशी घेतली ती मेंढी तर पूर्वींच मेलेली होती. तिच्या पेशी तेवढ्या गोठवून ठेविल्या होत्या.

हा प्रकार किती खर्चाचा झाला तेंहि ऐका. अशीं अंडीं केलीं २७७. त्यांतून उदरांत ठेवण्याजोगे गर्भ झाले २९. ते १३ मेंढ्यांच्या उदरांत ठेविले. कोंकरूं जन्मलें एक. डॉली मोठी झाली, तिला सहा कोंकरें झालीं, तिचे सांधे धरले, आणि फुप्फुसाच्या रोगामुळें १४ फेब्रुवारी २००३ रोजीं तिला मरण द्यावें लागलें. तिचें पेंढा भरलेलें शरीर एडिंबरोच्या संग्रहालयांत आहे. फुप्फुसाचा हा रोग मेंढ्यांना विषाणूपासून होतो, तेव्हां तो क्लोनिंगमुळेंच झाला असें मीं सांगितलें तर तें खोटें होईल. आपल्या बाजूचें म्हणून खोटें सांगण्याचा अधिकार आपल्यालाहि नाहीं.

आपल्या देशांतहि हें काम चाललें आहे. हरियाणांत कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेंत २००९ च्या फेब्रुवारींत म्हशीचें पहिलें असें पारडूं जन्मलें. तें थोड्याच दिवसांत गेलें. त्याच वर्षीं जूनमध्यें गरिमा जन्मली, २०१० च्या ऑगस्टांत दुसरी गरिमा. आणि या दुसरीनें २०१३ मध्यें नेहमींच्या रीतीनें महिमा नांवाच्या पारडीला जन्म दिला. २०२३ च्या मार्चमध्यें तेथेंच गीर जातीची गंगा ही कालवड जन्मास आली. हेतु उघड आहे : भरपूर दूध देणारी गाय-म्हैस, उत्तम वळू, यांचा गुण वाया जाऊं नये. गरिबाच्या घरीं चार शेर दूध अधिक आलें तर त्याला कोण नांवें ठेवील ?

परमेश्वरानें मनुष्याला सृष्टीवर नेमिलें तें मालक म्हणून नव्हे, कारभारी म्हणून. बाग मशागतीसाठीं दिली तशीच राखण्यासाठींहि दिली, ही उत्पत्तीच्या पुस्तकाची शिकवण आपणांस ठाऊक आहे. कारभाऱ्याला जनावर जुंपण्याचा, त्याचें दूध घेण्याचा, त्याची पैदास सुधारण्याचा अधिकार आहे. त्यामुळें जनावराचें क्लोनिंग स्वभावतःच पाप आहे, असें ख्रिस्तसभेनें म्हटलेलें नाहीं आणि मीहि म्हणत नाहीं. पण कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. मेलेल्या कोंकरांचा, आडव्या गेलेल्या गर्भांचा, पोटांतल्या अवाढव्य वासरामुळें अडलेल्या गाईंचा हिशेब मांडून मगच लाभ किती तें बोलावें. अमेरिकेंत एक कंपनी मेलेल्या लाडक्या कुत्र्याचें क्लोन सुमारें पन्नास हजार डॉलर घेऊन करून देते. त्यासाठीं दुसऱ्या किती कुत्र्यांवर शस्त्रें चालतात याची विचारपूस गिऱ्हाईक करीत नसावें. दूध आणि औषध या गोष्टी निराळ्या, हौस निराळी. शिवाय एकच एक वाण राखण्याचा धोकाहि आहे : जगाच्या बाजारांत एके काळीं ग्रो मिशेल नांवाचें केळें सर्वत्र होतें, सगळीं झाडें एकाच कंदाचीं; मुळांचा पनामा रोग पसरला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तें बाजारांतून उठलें.

आतां मनुष्याकडे येऊं.

मनुष्याच्या क्लोनिंगविरुद्ध जीं कारणें आपल्या लोकांच्या तोंडीं ऐकूं येतात, त्यांतील दोन मला पटत नाहींत, आणि तीं आधीं दूर केलेलीं बरीं. पहिलें असें, कीं तें "सृष्टिनियमाविरुद्ध" आहे. चष्मा आणि देवीची लस हींहि सृष्टींत आपोआप उगवलेलीं नाहींत. दुसरें असें, कीं अशा मनुष्याला आत्मा नसेल. बंधुभगिनींनो, हें मत तर भयंकर आहे. आपल्या पॅरिशच्या स्नानसंस्काराच्या वहींत जुळ्यांच्या नोंदी आहेत. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जे जुळे जन्मतात, ते एकमेकांचे निसर्गानेंच केलेले क्लोन होत. त्यांना एक आत्मा अर्धा-अर्धा मिळाला असें आपण म्हणतों काय ? ज्या प्रेषिताला हिंदुस्थान आपला प्रेषित मानतें, त्या संत थोमाचें दिदुम हें उपनांव, आणि त्याचा अर्थ जुळा. उद्यां एखाद्या मूर्खानें मनुष्याचें क्लोन जन्मास आणिलेंच, तर तें बाळ पूर्ण मनुष्य असेल, त्याला अमर आत्मा असेल, आणि तें या देवळाच्या दाराशीं आणिलें तर फादर विगार त्याला स्नानसंस्कार देतील. अपराध असेल तो जन्म देणाराचा. बाळाचा नव्हे.

धोक्याचें कारण मात्र खरें आहे. शांघाय येथें माकडांवर हा प्रयोग यशस्वी झाला, तें वृत्त २०१८ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालें. ७९ गर्भ २१ माकडिणींच्या उदरांत ठेविले आणि दोन पिलें जगलीं, तींहि जन्मापूर्वींच्या गर्भांतील पेशींपासून केलेलीं. वाढ झालेल्या माकडाच्या पेशींपासून केलेले १८१ गर्भ ४२ माकडिणींत ठेविले; दोन पिलें जन्मलीं आणि दोन्ही लवकरच मेलीं. या आंकड्यांत माकडिणींच्या जागीं आपल्या लेकीसुना ठेवून पाहा. म्हणूनच १९९७ च्या नोव्हेंबरांत युनेस्कोनें मनुष्याचें असें पुनरुत्पादन मानवी प्रतिष्ठेविरुद्ध म्हणून निषिद्ध ठरविलें, आणि आपल्या सरकारच्या मूलपेशी-संशोधनाच्या नियमांतहि त्याला मनाई आहे. हा निषेध कांहीं केवळ रोमेचा नाहीं.

परंतु धोका हें कारण पुरत नाहीं. उद्यां शंभरांपैकीं शंभर बाळें सुखरूप जन्मूं लागलीं तर ? तेव्हां आपण काय म्हणणार ?

मीं शाळेंत तीस वर्षें जीवशास्त्र शिकविलें, त्यामुळें पुष्कळदां लोक असले प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. एकदां शेजारच्या गांवची एक विधवा बाई आली. तिचा एकुलता एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातांत गेला होता, वय एकवीस. तिनें कोठेंतरी डॉलीची हकीकत ऐकली होती. ती म्हणाली, "मास्तर, त्याचे केस माझ्याकडे आहेत. खरें सांगा, माझा पोर परत मिळेल काय ?" तिच्याकडे पाहून मला धर्मशास्त्रांतील एकहि वाक्य उच्चारवेना. मीं म्हटलें, "बाय, आधीं बस. पाणी पी." मग हळूहळू तिला सांगितलें, कीं नुसत्या केसांनीं कांहीं होत नाहीं, आणि मनुष्याच्या बाबतींत हें कोणी करूं शकलेलें नाहीं. २००२ च्या डिसेंबरांत परदेशांतील एका पंथानें असें बाळ झाल्याची बढाई मारली होती. बाळ कोणाला दाखविलें नाहीं, पुरावा दिला नाहीं. पण समज, झालेंच. जो येईल तो तुझा मुलगा नसेल. तो तुझ्या मुलाचा जुळा भाऊ असेल, बावीस वर्षें उशिरा जन्मलेला. त्याला पहिल्याच्या शाळेची, मित्रांची, तुझ्या हातच्या जेवणाची एकहि आठवण नसेल.

तिनें विचारलें, "पण तोंड तरी तेंच असेल ना ?"

यावर मीं तिला मांजरीची गोष्ट सांगितली, आणि आपणांसहि सांगतों. अमेरिकेंत टेक्सास येथें २००१ च्या डिसेंबरांत मांजरीचें पहिलें क्लोन जन्मलें. मूळ मांजर तीन रंगांची, तिच्यांत नारिंगी ठिपके. पिलूं झालें तें करडें-पांढरें. नारिंगी रंगाचा लवलेश नाहीं. कारण त्या जातीच्या मांजरींत कोणता रंग कोठें उठावा हें गर्भ वाढतांना पेशीपेशींत निराळें ठरतें. बीज तेंच असलें तरी ठिपके तेच येत नाहींत. ती मांजर अठरा वर्षें सुखानें जगली, पण ज्यांनीं "तीच" मागितली त्यांना "ती" मिळाली नाहीं. मांजरीचें काय, तिला त्याचें दुःख नाहीं. मुलाला असेल. तो दहा वर्षांचा झाला कीं आई म्हणेल, याच वयांत तो पोहायला शिकला. सोळाव्या वर्षीं म्हणेल, तो असा उलट बोलत नसे. आणि एकविसावें वर्ष लागलें कीं ती त्याला मोटारसायकलला हात लावूं देणार नाहीं. त्या पोराला स्वतःच्या नांवानें हांक कोण मारणार ? त्याचें आयुष्य सुरू होण्यापूर्वींच दुसऱ्यानें जगून झालेलें असेल.

येथें मला वाटतें या विषयाचें वर्म आहे. मिस्सेंत आपण विश्वासाचा अंगीकार म्हणतों, त्यांत ख्रिस्ताविषयीं बोलतांना "जन्मणें" आणि "घडविलें जाणें" या दोन गोष्टींत भेद केला आहे. इ. स. ३२५ च्या नीकेआ येथील सभेनें तो शब्द फार जपून योजिला. तेथें प्रश्न देवपुत्राचा होता, आपला नव्हता. पण तो भेद साध्या संसारांतहि कामाचा आहे. सुतार खुर्ची घडवितो ती आधीं ठरविलेल्या मापानें. पसंत न पडल्यास मोडतो. आईबाप मुलाला जन्म देतात तेव्हां ते त्याचें माप घेत नाहींत. कोण येणार हें त्यांना ठाऊक नसतें, आणि जो येईल त्याला घरांत घेतात. या न ठाऊक असण्यांतच मुलाचें स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याच्या नमुन्यावर मनुष्य बेतणें म्हणजे त्याला खुर्चीच्या पंक्तीस बसविणें. ख्रिस्तसभेनें हें डॉलीच्या नऊ वर्षें आधीं, १९८७ सालच्या दोनुम वीते या सूचनेंतच अमान्य केलें होतें. २००८ च्या दिग्नितास पेर्सोनेंत तर अशा मनुष्याच्या स्थितीला दास्याची उपमा दिली आहे. ती उपमा मला कडक वाटत नाहीं.

त्या बाईला मीं हें सारें सांगितलें नाहीं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्या दुसऱ्याला मी छळीन." मीं तिला ज्या गोष्टीकडे नेऊं पाहत होतों, तेथें ती माझ्याआधीं पोंचली.

आतां अवयवांकडे वळतों, आणि येथें मामला अधिक बिकट आहे. कारण येथें मागणाराचा हेतु हौसेचा नसतो. आपल्या पॅरिशमध्यें आठवड्यांतून दोन-तीन वेळां डायालिसिसला जाणारे लोक आहेत. त्यांना कोणी सांगितलें, कीं तुमच्याच पेशीपासून एक गर्भ करूं, पांच-सहा दिवसांचा झाला कीं त्याच्या मूलपेशी काढूं, आणि त्यांतून तुमच्या देहाला मानवेल असें मूत्रपिंड पुढेंमागें वाढवूं, तर त्यांनीं काय उत्तर द्यावें ? हें अजून कोणाला साधलेलें नाहीं. गर्भांतून अशा पेशी मिळविण्यापर्यंत मजल २०१३ सालीं अमेरिकेंत ऑरेगन येथें गेली. पण शास्त्राला आज जें साधत नाहीं तें उद्यां साधतें, म्हणून उत्तर आजच ठरविलेलें बरें. मूलपेशी काढल्या कीं तो गर्भ मरतो. ख्रिस्तसभा म्हणते, तो आरंभापासून मनुष्य म्हणून मानला पाहिजे. मग एकाला वांचविण्यासाठीं त्याच्याच जुळ्या भावाला निर्माण करून मारावयाचें, असा याचा सरळ अर्थ होतो.

आणि हीं अंडीं कोणाचीं ? दक्षिण कोरियांत ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञानें २००४ व २००५ सालीं मानवी गर्भाचें क्लोनिंग करून मूलपेशी मिळविल्याचें जाहीर केलें. देशानें त्याला डोक्यावर घेतलें. पुढें उघड झालें, कीं पुरावे बनावट. २००६ च्या आरंभीं ते लेख रद्द झाले आणि २००९ सालीं न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. त्या खटाटोपांत दोन हजारांवर अंडीं खर्ची पडलीं. कांहीं पैसे देऊन घेतलेलीं, कांहीं त्याच्याच हाताखालीं काम करणाऱ्या मुलींचीं. साहेबाला "नाहीं" म्हणणें हाताखालच्या मुलीला किती सोपें असतें, हें येथें बसलेल्या भगिनी माझ्यापेक्षां चांगलें जाणतात.

याच्या शेजारीं दुसरें चित्र ठेवतों. जपानांत क्योतो येथील शिन्या यामानाका यांनीं मित्राच्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं एक मानवी गर्भ पाहिला, आणि आपल्या मुली आणि हा गर्भ यांत अंतर किती थोडें, असें त्यांच्या मनांत आलें. गर्भाचा नाश न करतां वाट काढावी म्हणून ते झटले. २००६ सालीं उंदराच्या आणि २००७ सालीं मनुष्याच्या कातडीच्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्यानें त्यांनीं मूलपेशींच्या अवस्थेंत परत नेलें. २०१२ चें नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळालें. २०१४ सालीं जपानांतच अशा पेशींपासून तयार केलेला पडदा एका रुग्णाच्या डोळ्यांत बसविला गेला. "धर्म आडवा येतो, नाहींतर शास्त्र कोठल्या कोठें गेलें असतें," असें म्हणणाऱ्यांना मी हीच हकीकत सांगतों. सदसद्विवेक आडवा आला म्हणूनच येथें शास्त्राला नवा रस्ता सांपडला.

डुकरांच्या अवयवांविषयींहि लोक विचारतात. २०२२ च्या जानेवारींत अमेरिकेंतील मेरिलंड येथें, जनुकांत फेरफार केलेल्या आणि क्लोनिंगनें वाढविलेल्या डुकराचें हृदय एका मनुष्याला बसविलें. तो दोन महिने जगला. जनावरांचें मांस खाऊं नये असें आपल्याला कोणी सांगितलेलें नाहीं, तेव्हां त्यांच्या हृदयानें प्राण वांचत असेल तर हरकत घेण्याचें कारण मला दिसत नाहीं. रोमेच्या जीवनविषयक अकादमीनेंहि २००१ सालीं अटी घालून तें मान्य केलें आहे.

परंतु हें सर्व उद्यांचें. डायालिसिसला जाणारा मनुष्य आज वाट पाहत आहे. क्लोनिंगला "नाहीं" म्हणून आपण घरीं जाऊन स्वस्थ जेवलों, तर आपल्या त्या "नाहीं"ची किंमत तो एकटाच देतो. हें मला उचित वाटत नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २९ ऑगस्ट २००० रोजीं रोमेंत अवयवरोपण करणाऱ्या डॉक्टरांपुढें भाषण केलें, त्यांत अवयवांसाठीं मनुष्याचें क्लोनिंग करण्यास त्यांनीं विरोध केला. पण त्याच भाषणांत अवयवांचें दान हें प्रेमाचें कृत्य म्हणून गौरविलें आणि त्यांचा विक्रय धिक्कारिला. आपण त्या भाषणाचा पहिला भाग तोंडपाठ करतों आणि दुसरा विसरतों. पुढें पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट हे कार्डिनल असतांना अवयवदानाचें कार्ड जवळ बाळगीत, हेंहि थोड्यांनाच ठाऊक असेल.

पुष्कळांच्या मनांत भीति असते, कीं डोळे दिले तर पुनरुत्थानाच्या दिवशीं काय होईल. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर भाल्यांनीं विंधला गेला. त्याची कबर आपल्या गांवीं नाहीं. म्हणून त्याचें पुनरुत्थान अडून राहील असें म्हणण्याचें धाडस येथें कोण करील ?

आपल्या देशांत मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला. त्यानें विक्रय गुन्हा ठरविला आणि मेंदूचें मरण हें मरण म्हणून मान्य केलें. मुंबईस व पुण्यास दानाची व्यवस्था पाहणारीं केंद्रें आहेत. मृत्यूनंतर डोळे घ्यावयाचे ते साधारणतः सहा तासांच्या आंत, म्हणून कळविण्यास उशीर करूं नये. आणि फॉर्म भरला तरी त्या वेळीं घरच्या मंडळींची संमति लागतेच. तेव्हां सही करून कपाटांत ठेविलेला कागद फारसा उपयोगी नाहीं. आज जेवतांना बायकोला, मुलांना, सुनेला स्पष्ट सांगून ठेवा. तरुण समितीनें फॉर्म सभागृहाच्या डाव्या दाराशीं मेजावर ठेविले आहेत. ज्यांना मराठी वाचतां येत नाहीं अशा वृद्धांना ते वाचून दाखविण्यास तेथें दोन मुली बसल्या आहेत. माझा फॉर्म मीं काल भरला. साक्षीदार म्हणून सही माझ्या पत्नीनें केली. आतां कोणास कांहीं विचारावयाचें असल्यास घंटा होईपर्यंत मी येथेंच आहें.